बारा विसा दहाचा चांद्या

सिद्धू धनगराला अक्षर ओळखू येत नाही, मेंढरू मात्र अचूक ओळखू येतं. मुळशी धरणाच्या पाण्यावरच्या माळाला, ताम्हिणीच्या बऱ्याच अलीकडे त्याचं घर आहे. त्या पट्ट्यात कुणाला कळपासाठी नर ठेवायचा असला की आधी सिद्धूला बोलावणं जातं. तो कोकराच्या पाठीवरून हात फिरवतो, खुरं बघतो, त्याची आई किती दूध देत होती ते विचारतो आणि सांगून मोकळा होतो, ठेवा नाहीतर काढा. आपण कधी चुकलो नाही असं तो म्हणतो. लोक म्हणतात, दोनदा चुकला. अशा या एकसष्ट वर्षांच्या माणसाला गेली दोन वर्षं लोक माळावर दगडावर बसून, हातातल्या जांभळ्या डबीत डोकं खुपसलेला बघत होते. मेंढरं एकीकडे आणि म्हातारा भलतीकडे, म्हणून हसत होते. हसणाऱ्यांचं काय जातं?

डबी त्याच्या पोराची, बिरदेवची. बिरदेव मारुंजीला नव्या इमारतींवर सेंट्रिंगचं काम करायचा. चौथ्या मजल्यावरून पडला, तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. उजवा हातही खांद्यातून मोडून अर्धामुर्धाच जुळला. पुढे ती इमारत पुरी झाली, गॅलऱ्यांतून लोकांचे कपडे वाळायला लागले आणि बिरदेव इकडे खाटेवर छताचे पत्रे मोजत पडला. पहिलं वर्षभर तो आईशी, सारजाबाईशी, दिवसाला चार शब्दही बोलत नव्हता. दोनदा त्यानं गोळ्या गालात धरून नंतर थुंकून टाकल्या. सारजाबाईला त्या उशीखाली सापडल्या तेव्हा ती गोठ्यात जाऊन रडली.

मग त्याच्याबरोबर कामाला असलेला निषाद भेटायला आला आणि स्वतः लहानपणी खेळलेली ती जुनी गेमची डबी ठेवून गेला. गेम वीसेक वर्षांपूर्वीचा. गवतातून चालायचं, रानटी प्राणी भेटले की आपला प्राणी त्यांच्याशी लढवायचा आणि जिंकत जिंकत त्याला मोठा करायचा. पोराटोरांचा खेळ. पण बिरदेवला त्यात एक गोष्ट सापडली. वरवर खेळणाऱ्याचा प्राणी कसाही वाढतो, आतला हिशेब ज्याला कळला त्याचा मात्र पुरा वाढतो. निषादनं तो हिशेब मोबाइलवर पाठवला आणि बिरदेवनं पाठ केला. लढाईत हरलेला प्रत्येक रानटी प्राणी जिंकणाऱ्याला एका गुणाचा एक अंश देतो. उंदरासारखा असतो तो चपळाईचा देतो, कासवासारखा असतो तो टणकपणाचा. एका गुणात अडीचशे अंश मावतात आणि सगळे गुण मिळून पाचशे. म्हणजे दोनच गुण काठोकाठ भरायचे. त्यात भलत्याच प्राण्याशी लढलं की त्याचा अंश आत जाऊन बसतो, आणि तेवढी जागा कायमची वाया.

बापाला हे सांगायला बिरदेवला अर्धा दिवस लागेल असं वाटलं होतं. सिद्धूला ते दोन मिनिटांत कळलं. कोकराला कोणत्या महिन्यात काय चारायचं आणि काय तोंडाला लावू द्यायचं नाही, यातच त्याचा जन्म गेला होता. त्यानं उलट विचारलं, मूळ जातच हलकी असंल तर चारून काय उपेग? बिरदेव खाटेवर हसला. अपघातानंतर पहिल्यांदा हसला. कारण गेममध्येही तसंच होतं. प्राण्याच्या जन्मातच काही गुण असतात आणि ते आईबापांकडून येतात. दोघांनी मिळून चांगली जोडी लावली, अंडी उबवली, एकेक पिल्लू तपासलं. बिरदेव आकडे वाचायचा, सिद्धू म्हणायचा, काढ. काढायचं म्हणजे रानात सोडून द्यायचं. ते बटण दाबायचं काम सिद्धूकडे होतं. शंभरावर पिल्लं त्यानं सोडली आणि मग एक निळसर, एका शिंगाचं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं पिल्लू निघालं. आकडे वाचता वाचता बिरदेवचा आवाज कापायला लागला. सिद्धू म्हणाला, ठेव. नाव ठेवलं चांद्या.

बिरदेवचा अंगठा अर्ध्या तासात थकायचा, म्हणून लढाया बापाकडे आल्या. सकाळी मेंढरं सोडली की सिद्धू डबी कोपरीच्या खिशात घालून निघायचा. पोरानं सांगितलेल्या गवताच्या तुकड्यातच फिरायचा, हवा तो प्राणी दिवसाकाठी एखाददुसराच भेटायचा, चुकून दुसरा प्राणी आला की पळ काढायचा. मोजणी त्याची स्वतःची होती. वीस लढाया झाल्या की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. बारा विसा आणि वर दहा झाले की एक गुण भरला. डबी बंद करण्याआधी खेळ सेव्ह करायचा, हे बिरदेवनं त्याला दहादा बजावलं होतं, कारण न करता बंद केली की त्या दिवसाची सगळी मेहनत पुसली जाते. सिद्धू घरी आला की पोरगा दारातूनच विचारायचा, आज किती? आणि जेवता जेवता दोघांचं बोलणं चालायचं. सारजाबाईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोरगा दोन भाकरी खातोय हे दिसत होतं. गोळ्याही नीट घ्यायला लागला होता.

मधे एकदा सिद्धूच्या हातून चौदा अंश भलत्याच गुणात गेले. मेंढरू ओढ्यात घसरलं म्हणून तो धावला आणि परत आल्यावर चुकीच्या गवतात खेळत बसला. बिरदेवनं शिवी दिली नाही. झाडावरची एक प्रकारची फळं चारून ते चौदा अंश उतरवता येतात हे शोधून काढलं आणि महिनाभर दोघांनी ती फळं पिकवली. सगळं धरून दोन वर्षं गेली. कार्तिकात एका दुपारी शेवटचा खडा उजव्या खिशात पडला. बिरदेवनं चांद्याचे आकडे तीनदा वाचले आणि म्हणाला, "आबा, माज्या हातून एक तरी काम पुरं झालं." निषादला फोन झाला. येत्या रविवारी तो दुसरी एक डबी आणि दोन्ही जोडायची वायर घेऊन येणार होता, चांद्याला बघायला आणि लढायला. बिरदेवनं आईकडून दाढी करून घेतली.

शुक्रवारी त्याला हुडहुडी भरली. लघवीची नळी कायमची, त्यातूनच विषार आत गेला होता. पुण्याच्या दवाखान्यात काचेपलीकडे ठेवला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काही सांगता येत नाही. सारजाबाई तिथंच बाकावर बसली. सिद्धूला घरी यावं लागलं, कारण मेंढरांना कुणी नव्हतं.

धनगरांत रीत आहे. घरावर जिवावरचं आलं की कळपातलं सगळ्यांत चांगलं जनावर बिरोबाला सोडायचं. त्याला भंडारा लावायचा, कानाला खूण करायची आणि मोकळं करायचं. मग त्याला कुणी विकत नाही, कापत नाही, त्याची लोकरही उतरवत नाही. ते कुठंही चरतं, कुणाच्याही शेतात तोंड घालतं आणि संध्याकाळ झाली की आपल्या पायांनी वाड्याला येतं. सोडलेलं जनावर जातं कुठं? ते फक्त आपलं राहत नाही, देवाचं होतं. पोरगा पडला तेव्हा सिद्धूनं आपला खिल्लारी चालीचा नर असाच सोडला होता आणि पोरगा वाचला होता. तो नर आजही कळपात फिरतो. आता त्याच्या तोडीचं दुसरं जनावर कळपात नव्हतं. मरतुकडं मेंढरू देऊन देवाला फसवायचं हे सिद्धूच्यानं झालं नसतं. घरात खरं अव्वल जनावर एकच होतं.

शनिवारी उजाडताना तो टेकडीवरच्या बिरोबापुढे बसला. डबीच्या काचेवर बोटानं भंडारा लावला. बटण त्याच्या सवयीचं होतं, शंभरावर वेळा दाबलेलं. ती काढलेली पिल्लं पुढे कुठं गेली हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. रानात सोडली म्हणजे रानात असणार, रोज गवतात प्राणी भेटतात त्यांतलीच ती. डबीनं खात्री करून घेतली, त्यानं होय म्हटलं. चांद्या मान हलवून निघून गेला. मग सिद्धूनं आठवणीनं, पोरानं शिकवलं होतं तसं, सेव्ह केलं.

रविवारी बिरदेवचा ताप उतरला.

मधल्या दहा दिवसांत सिद्धूनं चांद्याला गवतात पुष्कळ शोधलं. दिसला नाही. देवाचं जनावर आहे, चरत लांब गेलं असेल, येईल, असं त्याला खरंच वाटत होतं. त्याला काळजी नव्हती, उलट अभिमान होता. आपण योग्य तेच केलं, पोरगा आला.

बाराव्या दिवशी बिरदेवला घरी आणला. सारजाबाईनं दृष्ट काढली, खाटेवर निजवलं. त्यानं पाणीसुद्धा न मागता डबी मागितली. सिद्धू पायथ्याशी बसून होता, सांगायला उतावीळ. बिरदेवनं गेममधली प्राणी ठेवायची एक पेटी उघडली, दुसरी उघडली. पुन्हा पहिली उघडली. तेव्हा सिद्धूनं सांगितलं. बिरोबाला सोडला, म्हणून तू आलास. तो तितंच हाय, येईल.

बिरदेवनं डबी छातीवर ठेवली. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "आबा, सोडल्यावर डबी नुसती बंद केली का? सेव्ह न्हाई केलं ना?"

"केलं की," सिद्धू म्हणाला. "त्याबिगर कसं बंद करीन मी?"

पोराचं तोंड बघून त्याला पहिल्यांदा कळलं की काहीतरी फार वाईट झालंय. बिरदेवनं त्याला समजावून सांगितलं, ओरडला नाही, चिडला नाही. त्या गवतात जे भेटतात ते दर वेळी नवे बनतात. सोडलेलं कुणी तिथं नसतं. सोडलं की पुसलं, कुठंच न्हाई. सिद्धूचे हात गुडघ्यांवर तसेच राहिले. चांगलं जनावर हातानं मारल्यासारखं त्याला वाटलं आणि ते जनावर त्याचं नव्हतं. पुन्हा करू, तो म्हणाला. जोडी हाय, अंडी उबवू, मी उद्यापास्नं मोजतो. माजं काय, मी दोन वर्सं आजून मोजीन.

"माज्याकडं न्हाईत दोन वर्सं," बिरदेव म्हणाला. मूत्रपिंडं गेल्यातच जमा आहेत, हे डॉक्टरांनी त्याला काचेपलीकडे सांगितलं होतं. आईबापांना सांगू नका, म्हणून त्यानंच हात जोडले होते. दारात सारजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती खाली बसली.

 देवाला दिलं ते काय आणि देवानं दिलं ते किती, याचा मेळ सिद्धूला घालता येईना. त्यानं नुसता पोराच्या पायावर हात ठेवला. बिरदेवला तो हात कळत नव्हता.

"ते पुरं झालं हुतं तवाच मला जाऊ द्यायचं हुतं, आबा," तो म्हणाला. "आता कशाला आणलंत?"

मग त्यानं डबी बाजूला सरकवली आणि म्हणाला, मला कुशीवर करा. त्याला स्वतःला वळता येत नव्हतं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी आईबापच वळवत. सिद्धू उठला, एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घातला आणि कोणत्या बाजूला, असं विचारलं.

"भितीकडं," बिरदेव म्हणाला.

सिद्धूनं त्याला भिंतीकडं वळवलं, पाठीला उशी लावली आणि गोधडी खांद्यापर्यंत ओढली.