बुडत्या दिसाचं चित्र

लोणावळ्याला कॉलेजात असताना मी इंग्रजीच्या बाईंच्या घरी अभ्यासाला थांबायचे. इंदुरीच्या आमच्या एका खोलीत पुस्तक उघडायला जागा नव्हती. बाईंच्या टेबलासमोर एक चित्र होतं. एकोणिसाव्या शतकातल्या कुणा इंग्रज चित्रकाराच्या चित्राची छापील प्रत. संथ नदी, काठाला मोठी झाडं, मावळतीचा पिवळा उजेड आणि उथळ पाण्यातून निघालेल्या गाई. डोळे शिणले की मी त्या नदीकडे बघत बसायचे. घरातली पहिली पदवी मला त्या टेबलावर मिळाली, असंच मी मानते.

यंदा आम्ही दोन खोल्या बांधल्या, तेव्हा बाईंनी ते चित्रच मला दिलं. वास्तुशांतीला त्या येणार होत्या.

आईने चित्रावरचा कागद सोडला. ‘‘ह्यो दिस उगवतोय का बुडतोय?’’

‘‘मावळतोय.’’

‘‘मग न्हाई. नव्या घरात बुडता दिस टांगत्यात व्हय?’’

‘‘आई, बाई येणारेत. त्यांना काय वाटंल?’’

‘‘आन् देवाला काय वाटंल?’’

चित्र कपाटावर गेलं. मी भांडले नाही. घर तिचंही होतं, विटांवर पाणी तिनेच मारलं होतं. पण बाईंनी रिकामी भिंत पाहू नये, असं फार वाटत होतं.

आदल्या संध्याकाळी दिवा लावून आईने कपाट पुसायला घेतलं. चित्र खाली उतरवलं आणि त्याच्यासमोरच बसली. लहानपणी तिने गुरं राखली होती.

‘‘ही बाई कोण गं?’’

मी वाकून पाहिलं. झाडाखाली, नखाएवढी, फाटक उघडून एक बाई उभी होती. इतकी वर्षं मला ती दिसलीच नव्हती.

‘‘वाट बघतीया,’’ आई म्हणाली. ‘‘गुरं घरला निघाल्यात. अगं, ही तर गोरज. माझं लगीन गोरजावरच लागलं. ह्या येळंला वाईट कोण म्हणंल?’’

मी लगेच समोरच्या उजेडाच्या भिंतीशी खिळा घेऊन गेले.

‘‘तितं न्हाई. तितं गुरं दाराबाहेर चालल्यात.’’

गाईंची तोंडं आतल्या खोलीकडे होतील अशी एकच भिंत होती. दाराआडची, अरुंद, विजेच्या बटणांना लागून. तिथे चित्र लागलं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. चारी भिंती पाहून शेवटी दाराआड वळल्या. ‘‘इथे का गं लावलंस? उजेड नाही इथे.’’

मी बोलायच्या आत आई चहा घेऊन आली. ‘‘बाई, गुरं आत याया पायजेत ना.’’

बाईंनी चष्मा लावला. गाई पाहिल्या, ती फाटकातली बाई पाहिली, आणि हसल्या. ‘‘म्हणजे माझ्याकडे इतकी वर्षं ही गुरं बाहेरच चालली होती म्हणा की.’’

‘‘म्हणून तर आमच्याकडं आली,’’ आई म्हणाली. ‘‘चा घ्या, निवंल.’’