फोल्डरवर बसलेला राखणदार

ऑफिसातल्या गजाली कोणी जमवत नाही हो, त्या जमत जातात. आमच्या कुडाळच्या ऑफिसात चहा आला की कोणीतरी म्हणतं, "ती अर्ध्या नवरीची सांग!" आणि काम राहतं बाजूला. नवीन माणूस आला तर त्याला आधी या गजाली ऐकाव्या लागतात, मग खुर्ची मिळते.

आधी माणसं सांगते. शोभाताई आमच्या मालकीणबाई. मुंबईत मोठ्या कंपनीत नोकरी करून एक दिवस "आता जे करायचं ते गावात" म्हणाल्या आणि परत आल्या. स्टेशन रोडला हार्डवेअरच्या दुकानावर ऑफिस थाटलं. लोक विचारायचे, "ताई, तुमचं हार्डवेअर की सॉफ्टवेअर?" ताई म्हणायच्या, "जिना चढलात तर सॉफ्टवेअर!" दुसरा फिलीप, मालवणचा, आमचा सगळ्यात हुशार प्रोग्रामर. तिसरी मी, रोज मालवणहून एसटीने येणारी.

आणि आमचं प्रॉडक्ट. एखाद्या फोल्डरमध्ये फाईल आली, बदलली किंवा पुसली गेली की ते तिथल्या तिथे कळवतं आणि पुढचं काम सुरू करून देतं. साधे प्रोग्राम थोड्या थोड्या वेळाने जाऊन डोकावतात, 'काही आलं का? काही आलं का?' आमचा तसला नाही. तो कॉम्प्युटरलाच सांगून ठेवतो, 'हालचाल झाली की मला उठव.' तोवर स्वस्थ.

फिलीपने त्याचं नाव ठेवलं राखणदार. आमच्याकडे गावागावाला वेशीची राखण करणारा एक राखणदार देव असतो. दिसत नाही, पण असतो.

* * *

पहिलं भांडण झालं ते नावावरूनच. पुण्याची एक कंपनी आमचा माल विकायला तयार झाली. तिथले साहेब व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "नाव बदला. राखणदार म्हणजे काहीतरी भुताखेताचं वाटतं. इंग्रजी, स्मार्ट काहीतरी द्या."

ताई काही बोलायच्या आत फिलीप स्क्रीनसमोर जाऊन बसला. "सर, मी ख्रिश्चन आहे. आमच्या वाडीत वाटेवर क्रूस आहे आणि त्याच्या पुढे राखणदाराचं झाड आहे. माझी आई जाता-येता दोघांनाही हात जोडते. आजवर दोघांपैकी कोणाचीच तक्रार आलेली नाही!"

साहेब म्हणाले, "पण मार्केटिंगच्या दृष्टीने..."

"मार्केटिंगची तक्रार असेल तर त्यांना झाडाखाली पाठवून द्या!"

नाव राहिलं.

* * *

मालवणच्या बाजारात अन्सारभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. त्यांना राखणदार बसवून दिला. कॅमेऱ्यातले फोटो एका फोल्डरमध्ये टाकायचे, फोटो आला रे आला की प्रिंट सुरू. अन्सारभाई खूश.

पहिल्याच लग्नाचे प्रिंट निघाले ते असे, की नवरी नाकापर्यंत नवरी आणि खाली नुसता करडा रंग! झालं होतं काय, फाईल कॉपी व्हायला लागली की तिचं नाव लगेच फोल्डरमध्ये दिसतं. आतला माल मागून हळूहळू येत असतो. आमचा राखणदार नाव दिसताच ओरडला, 'इली! इली!' आणि मशीनने जेवढी आली तेवढी छापली.

नवरीची मावशी चेडवाचा, म्हणजे भाचीचा, अर्धा फोटो घेऊन स्टुडिओत येऊन उभी राहिली. "चेडवाचा तोंड ऱ्हवांदे, गळ्यातलो हार खंय गेलो? मगे तो घातलो कित्याक?"

आम्ही धावलो. फाईलचा आकार वाढायचा थांबेपर्यंत वाट बघायची, मगच हाक द्यायची, असा बदल केला. फिलीपने तो अन्सारभाईंना नीट समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"म्हणजे नवरी पुरी येयसर थांबाचा. अरे, ह्या तर भटजीक पण कळता!"

* * *

एकदा ऑफिसातलाच कॉम्प्युटर तापून पंखा विमानासारखा ओरडायला लागला. बघतो तर राखणदार वेड्यासारखी नोंद करतोय, 'बदल झाला, बदल झाला, बदल झाला.' आणि फोल्डरला तर कोणी हात लावलेला नाही!

मग कळलं. फिलीपने राखणदाराची नोंदींची फाईल त्याच फोल्डरमध्ये ठेवली होती, ज्यावर तो नजर ठेवून होता. नोंद लिहिली की फाईल बदलायची. फाईल बदलली की हा उठून परत नोंद लिहायचा!

ताईंनी फिलीपकडे नुसतं बघितलं. दुसरा कोणी असता तर मान खाली घातली असती.

"माझो पापा असोच करता," फिलीप म्हणाला. "स्वतःच घोरता, त्या आवाजान जागो होता आणि विचारता, कोण आसा रे थंय?"

* * *

मसुऱ्याकडच्या एका शाळेत लीलाबाई वेळापत्रक बघायच्या. मुख्याध्यापकांना हौस, बाईंच्या लॅपटॉपवरच्या शाळेच्या फोल्डरमध्ये काहीही झालं तरी त्यांच्या मोबाईलवर मेसेज आला पाहिजे. दिला बसवून.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाईंना सगळ्या स्टाफसमोर उभं केलं. "तुम्ही वेळापत्रक पुसलंत! माझ्याकडे पुरावा आहे!"

बाईंनी काहीच पुसलं नव्हतं. त्यांचा प्रोग्राम सेव्ह करताना आधी नवी फाईल लिहायचा, मग जुनी काढून टाकायचा आणि तिचं नाव नवीला द्यायचा. राखणदाराला दिसलं ते एवढंच, की जुनी गेली. चूक आमची, बोलणी बाईंना!

बाई लॅपटॉप काखोटीला मारून एसटीने थेट आमच्या ऑफिसात. "हयसर बसतंय. माझ्यार इलेलो आळ पुसल्याशिवाय उठाचंय नाय."

आमच्यासमोर त्यांनी एकदा सेव्ह केलं. मग परत केलं. मग करतच सुटल्या. तिकडे मुख्याध्यापकांचा मोबाईल वाजत सुटला असणार, कारण त्यांचा फोन आला. "बाई, थांबा! काय काय पुसताय?"

बाईंनी फोन स्पीकरवर टाकला आणि शुद्ध मराठीत विचारलं, "सर, शाळाही पुसू का?"

आम्ही चूक दुरुस्त केली. मुख्याध्यापकांनी माफी मागितली आणि तीही सगळ्या स्टाफसमोर. बाईंनी तशी अटच घातली होती.

* * *

पुण्याचे साहेब एकदा प्रत्यक्ष आले. सोलकढी प्यायले, ऑफिस बघितलं आणि मुद्द्यावर आले. "शोभाताई, तुम्ही सगळे पुण्याला शिफ्ट व्हा. इथे लाईट जाते, नेट जातं. इतक्या लांबून हे काम होत नसतं."

म्हणेपर्यंत लाईट गेलीच! साहेबांनी हात पसरून 'बघा' असा चेहरा केला. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर आणि नेट चालू राहिले, तेवढ्यात माझ्या स्क्रीनवर राखणदाराचा इशारा आला. पुण्याच्या त्यांच्याच सर्व्हरवर आम्ही तो बसवलेला होता.

मी म्हटलं, "सर, तुमच्या ऑफिसात आत्ता कोणीतरी अख्खं 'फायनल' नावाचं फोल्डर पुसलंय."

साहेबांनी पुण्याला फोन लावला. तिकडे कोणाला पत्ता नाही. "सर, सगळं ओके आहे." मग पलीकडे गडबड, मग एक बारीक आवाज. "सॉरी सर, चुकून माझ्याकडून... बॅकअप आहे सर, परत टाकतो."

साहेबांनी फोन खिशात घातला. ताईंनी त्यांना अजून एक पेला सोलकढी ओतली.

"मग," त्या म्हणाल्या, "शिफ्ट कोणी व्हायचं म्हणता?"

* * *

आता रिसॉर्टची. ते काम आमच्या हातून गेलं, हे आधीच सांगून टाकते. आणि समुद्राकडे जायची वाट अजून उघडी आहे, हेही.

किनाऱ्यावर एक मोठं रिसॉर्ट. त्याच्या कंपाउंडमधून वाडीतल्या लोकांची समुद्रावर जायची जुनी वाट. मासेमारी करणारे पागी जाळी घेऊन तिथूनच जातात. मालकाला तिथे भिंत घालायची होती. भिंतीची बातमी वाडीत आधीच पोचली आणि सगळी वाडी येऊन वाटेवर बसली. मालक चिडला. स्टाफ सगळा त्याच वाडीतला. आत कोणी फुटलंय, हे त्याला शोधायचं होतं.

त्याने आम्हाला बोलावलं. "प्रत्येकाच्या मशीनवर तुमचा राखणदार बसवा. कोण कुठल्या फाईलला हात लावतो, मला कळलं पाहिजे. पण गुपचूप. कोणाला पत्ता लागता कामा नये."

ताई म्हणाल्या, "माणसांवर चोरून बसवायला आम्ही देत नाही."

"मग या जिल्ह्यात तुम्हाला एकही काम मिळू देणार नाही."

फिलीपच्या मुठी वळल्या. ताई मात्र गोड हसल्या. "असं करू या. स्टाफला इथे बोलवा. मी स्वतः त्यांना सांगते आणि त्यांच्यासमोरच बसवते."

मालकाला वाटलं, बाई नरमली. त्याने सगळ्यांना डायनिंग हॉलमध्ये गोळा केलं आणि स्वतःचा लॅपटॉप उघडून समोरच बसला.

ताईंनी राखणदार काय करतो ते सगळं सांगितलं. मालकाला तो कशासाठी हवाय, तेही सांगितलं. मग म्हणाल्या, "ज्याला मान्य असेल त्याच्याच मशीनवर बसेल. सांगा, कोणाकडे बसवू?"

मग रिसेप्शनवरची संजना उठली. तिचा बाप त्याच वाटेने होडीवर जातो. आवाज खणखणीत होता.

"माझ्या मशीनर बसवा. माका काय लपवूचा नाय. पण पयलो सायबांच्या लॅपटॉपार बसवा. वाट बंद करूची फाईल थंयच आसा."

मालकाने लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

ताईंनी पुढे होऊन त्याचा लॅपटॉप हलकेच आपल्याकडे वळवला, राखणदार बसवायला घेतला आणि स्क्रीनने पासवर्ड मागितला तसा परत त्याच्याकडे फिरवला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "पासवर्ड टाकता ना?"