मेंढरांपाशी कोण थांबलं

मिशनच्या दवाखान्यात मी लागले तेव्हा मला एकोणिसावं वर्ष चालू होतं आणि मला हसू आवरत नव्हतं. सहा महिने मदतनीस म्हणून राबायचं, काम पसंत पडलं तर दवाखाना नर्सिंगच्या ट्रेनिंगला पाठवणार, नाही पडलं तर घरी परत, असं ठरलं होतं. घर आखाडा बाळापूरला. वडील तिथल्या शाळेत शिपाई. आम्ही बौद्ध. मला सोडायला आले तेव्हा मेट्रनबाईंनी पुढे केलेल्या खुर्चीवर न बसता ते उभ्यानंच म्हणाले, “बाई, आमी एकदा धर्म बदललाय, इचार करून बदललाय. लेकीला शिकवा, राबवून घ्या. पन परत बदलायचं काही काढू नका.”

मेट्रनबाई नगरकडच्या, उंच, पांढऱ्या लुगड्यातल्या. आवाज कधी चढायचा नाही, त्यामुळे जास्त भीती वाटायची. त्या म्हणाल्या, “सकाळी सात वाजता प्रार्थना असते. सगळे बसतात, तीही बसेल. डोळे मिटायचे का उघडे ठेवायचे ते तिचं तिनं ठरवावं.”

वडिलांनी थोडा विचार केला. “उघडे ठेवंल,” म्हणाले.

मी वडिलांचा शब्द पाळला आणि तिथंच घोटाळा झाला. सगळ्यांनी डोळे मिटलेले असताना एकट्या माझे उघडे, म्हणजे सगळा तमाशा मला एकटीला दिसायचा. स्वयंपाकीणबाई डोळे मिटून ओच्यातला लसूण सोलायच्या, एक पाकळीसुद्धा खाली पडायची नाही. कंपाउंडरदादा बसल्या बसल्या झोपायचे आणि झोपेतच बरोबर वेळेला “आमेन” म्हणायचे. एकदा मांजर आलं आणि अँब्युलन्सच्या ड्रायव्हरच्या मांडीवर बसलं. ड्रायव्हरनं डोळे न उघडता त्याला उचललं आणि शेजारच्याच्या मांडीवर ठेवलं. शेजाऱ्यानं पुढच्याच्या. मांजर अख्ख्या ओळीतून फिरून दारापाशी पोचलं तेव्हा मी पदराचा बोळा तोंडात कोंबून बाहेर पळाले.

वॉर्डातही तेच. एका म्हातारीच्या तोंडात थर्मामीटर ठेवला, तर तिनं तो चोखून परत दिला आणि म्हणाली, “न्हाई बाई, ह्याला कायबी चव न्हाई.” मी खाटेचा दांडा धरून खाली बसले. म्हातारी घाबरून शेजारणीला विचारायला लागली, “काहून हासून राहिली व माय ही? मला काही मोठा रोग हाय का?”

त्या दिवशी मेट्रनबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, “ती घरी जाऊन सांगेल की नर्स माझ्या आजाराला हसली. आजारी माणसाला एवढं पुरतं.” मला रडू आलं. मला खरंच नर्स व्हायचं होतं. माझी आई धाकट्या भावाच्या वेळी सुईण वेळेवर आली नाही म्हणून गेली होती आणि तेव्हापासून माझ्या मनात दुसरं काही आलंच नव्हतं.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रार्थना झाली की एकेकानं उभं राहून या महिन्यात मी अमुक करीन असं सगळ्यांपुढे बोलायचं, अशी तिथली रीत होती. झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, मी सही शिकंन. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, डाळीत खडा निघणार नाही. माझी पाळी आली. मी म्हणाले, “मी ड्यूटीवर हसणार नाही.” आणि बोलता बोलताच हसले. मग सगळे हसले. मेट्रनबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

असे पाच महिने गेले. डिसेंबर उजाडला. नाताळाला दवाखान्यात ख्रिस्तजन्माचं नाटक व्हायचं. ते कंपाउंडरदादा लिहायचे, बसवायचे आणि आडून सगळ्यांचे शब्दही तेच सांगायचे. मेट्रनबाईंनी मला बोलावून सांगितलं, “देवदूत तू.”

“मी?”

“देवदूत हसत नाही. तुला सवय होईल.”

मी वडिलांना कार्ड टाकलं. त्यांचं उत्तर आलं: “नाटक हे नाटक असतं. बोलताना चाचरू नकोस. मी येतो.”

तालमी पुरुषांच्या वॉर्डाच्या व्हरांड्यात चालायच्या. तिथं ऊन खात ठेवलेल्या खाटेवर एक धनगरमामा होते. पन्नाशीचे, मिशाळ. मेंढरांसाठी लिंबाचा पाला पाडताना झाडावरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. पायाला वजन बांधून ते खाटेच्या टोकाला लटकवलेलं, त्यामुळे दीड महिना त्यांना हलता येणार नव्हतं. त्यांची मंडळी मेंढरं घेऊन जवळच, ज्वारी निघालेल्या एका रानात उतरली होती आणि मामी रोज भाकरी घेऊन यायच्या. मामा रोज आमची तालीम बघायचे. काही बोलायचे नाहीत.

चौथ्या दिवशी बोलले. माझं झालं होतं: भिऊ नका, आनंदाची बातमी आहे, गावात जा, बाळ जन्माला आलं आहे. तिन्ही मेंढपाळ, म्हणजे ड्रायव्हर, माळी आणि लॅबवाले, काठ्या उचलून निघाले.

“थांबा जरा,” मामा म्हणाले. “तुमी तिघंबी निघालाव व्हय? मंग मेंढरांपाशी कोन हाय?”

कंपाउंडरदादा वही घेऊन पुढे आले. “कोणी नाही. देवदूतानं सांगितलं म्हणून सगळे गेले. तसं लिहिलेलं आहे.”

“लिवणाऱ्याकडं मेंढरं नसतील.”

“तो वैद्य होता असं म्हणतात.”

“तरीच,” मामा म्हणाले. “लांडगा काय वही वाचून येतो व्हय? एक जन मागं राहतोच. राहावंच लागतं.”

माझं हसू गळ्याशी आलं होतं, पण मामांच्या तोंडाकडे बघितल्यावर ते खाली गेलं. त्यांना ती मेंढरं खरंच दिसत होती.

कंपाउंडरदादांनी ही तक्रार मेट्रनबाईंच्या कानावर घातली. मला वाटलं, त्या मामांची खाट आत न्यायला सांगतील. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “लहानपणापासून मी ही गोष्ट ऐकते. मेंढरांचं काय झालं हे मी कधी विचारलं नाही. नाताळच्या दिवशी आपण सगळे कार्यक्रमाला जातो तेव्हा वॉर्डात एक नर्स मागं राहते. तिचंही मी कधी विचारलं नाही.” मग म्हणाल्या, “चौथा मेंढपाळ घ्या.”

चौथे मेंढपाळ अर्थातच मामा. खाट व्हरांड्यातच राहील, व्हरांडा म्हणजे डोंगर. वाक्य एकच: “जावा तुमी, मी हाय मेंढरांपाशी.” मामांनी मान्य केलं, पण अट घातली. मेंढरं खरी पाहिजेत. कापूस चिकटवलेल्या खोक्यांपाशी ते थांबणार नव्हते.

नाताळच्या दिवशी दुपारी तीन वाजता अंगणात नाटक सुरू झालं, कारण लोकांना संध्याकाळची एसटी गाठायची असायची. ऊन चकचकीत. कंपाउंडरदादांनी आधीच जाहीर केलं की ही रात्र आहे असं समजावं. डोंगरकडा गावाहून दोन बैलगाड्या भरून माणसं आली होती. वडील शेवटच्या बाकावर, इस्त्रीचा सदरा घालून, हाताची घडी घालून बसले होते. माझे पंख प्लास्टर खोलीत बनवलेले, बांबूच्या कामट्यांवर जाळी आणि त्यावर प्लास्टर. ते एवढे जड झाले की ताठ उभं राहिलं तर मी मागं कलंडायची. मामींनी सहा मेंढरं आणि त्यांच्या पुढे चालणारी एक शेळी आणून खाटेभोवती उभी केली होती.

मी माझं बोलले. चाचरले नाही. तिघं निघाले. मामा खणखणीत आवाजात म्हणाले, “जावा तुमी, मी हाय मेंढरांपाशी.” आता मी निघून जायचं होतं. मी वळले.

“ए पोरी, थांब,” मामा म्हणाले. “बाळंतीण कशी हाय?”

हे वहीत नव्हतं. मी पडद्याकडे पाहिलं. कंपाउंडरदादा भराभर पानं उलटत होते. समोर तीनशे माणसं. मामा माझ्याकडे बघत होते आणि चेष्टा करत नव्हते. ज्याला जाता येत नाही तो माणूस जाऊन आलेल्याला विचारतो, तसं विचारत होते. माझ्या तोंडून ड्यूटी बदलताना सांगतात तशा आवाजात निघालं, “बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. बाळ लगेच रडलं. रंग चांगला आहे. दूध ओढतंय.”

“कुठं झाली बाळंत?”

“गोठ्यात.”

“एवढ्या थंडीचं? सुईन हुती का?”

एवढ्या तालमी झाल्या, पण हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. “नव्हती,” मी म्हणाले.

“मंग तू हितं काय करून राहिली? तिकडं जा की.”

अंगण फुटल्यासारखं हसलं. पहिल्या ओळीत मेट्रनबाई शेजारच्या बाईच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या, त्यांचा चष्मा नाकावरून घसरून मांडीवर पडला होता. मी हसले नाही. मला मामांचं बरोबर वाटलं. मी पंख दोन्ही हातांनी धरले आणि पळत सुटले.

मी पळाले म्हणून शेळी पळाली. शेळी पळाली म्हणून सहाही मेंढरं. आम्ही सगळे बाकांच्या मधून, मेट्रनबाईंच्या शेवंतीच्या वाफ्यातून, थेट अंगणाच्या टोकाला उभारलेल्या गोठ्यात घुसलो. मेरी झालेली बाई प्रसूती वॉर्डातली खरी बाळंतीण होती आणि बाळही तिचंच, आठ दिवसांचं. तिघं मेंढपाळ तिच्यापुढे नमस्कार करायच्या तयारीत होते. मी त्यांना बाजूला सारून बाळाचे पाय गार आहेत का ते बघितलं. गार होते. मी माझ्या अंगावरची शाल काढून बाळाला गुंडाळलं आणि बाळंतिणीला म्हणाले, “छातीशी धर.” तिनं धरलं. एक मेंढरू गव्हाणीतलं गवत खायला लागलं. लोक टाळ्या वाजवत होते, शिट्ट्या मारत होते. त्या गोंधळात मामांनी खाटेवरूनच जिभेनं एक लांब टकटक आवाज काढला, तशी शेळीनं मान वळवली आणि सगळी मेंढरं तिच्यामागे ओळीनं परत व्हरांड्याकडे गेली. कंपाउंडरदादांनी वही मिटली आणि पडदा ओढला.

वडील मला भेटायला आले नाहीत. ते आधी मामांच्या खाटेपाशी गेले आणि पायथ्याशी बसले. मेंढराचं खूर सडून ते लंगडायला लागतं तेव्हा काय औषध करायचं यावर दोघं इतका वेळ बोलत बसले की बाळापूरची एसटी निघून गेली. मग अंगणातल्या पंगतीत जेवायला बसले. एका बाजूला झाडूवाल्या मावशींचा मुलगा, दुसऱ्या बाजूला डोंगरकड्याच्या पाटलांचा कुणी भाऊबंद, समोर पुरी आणि खीर. वडिलांनी तीनदा खीर घेतली. गावातल्या कुठल्याही पंगतीत मी त्यांना असं पाय पसरून, मान वर करून जेवताना पाहिलं नव्हतं. मी वाढायला गेले तेव्हा ते म्हणाले, “देवदूत काही वाटली न्हाईस. नर्स वाटलीस.”

जानेवारीच्या सुरुवातीला मेट्रनबाईंनी ट्रेनिंगचं पत्र माझ्या हातात दिलं. मी म्हणाले, “बाई, पण मी अजून हसते.”

“हसतेस,” त्या म्हणाल्या. “पण त्या दिवशी माणसानं विचारलं तेव्हा तू त्याच्याकडे बघून उत्तर दिलंस. हसणं मी सहन करीन.” मग शेवंतीची नवी रोपं लावायला मला हाताशी धरलं. दोन वाफे पुरे झाले तेव्हा माझी कंबर धरली होती.

मामांच्या पायाचं वजन सुटलं, आणि महिना संपता संपता त्यांना घरी सोडलं. पाय बोटभर आखूड झाला होता. दोन महिने जास्त चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यांना न्यायला बैलगाडी आली, मागं मामी आणि सगळी मेंढरं. मामांनी मेंढरं हाकायची काठी घ्यायला हात पुढे केला. मामींनी काठी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“दोन म्हैने मीच राखली,” त्या म्हणाल्या. “अजून दोन म्हैने राखीन. तुमी गप बसा गाडीत.”

मामा गाडीत चढले आणि बैलांकडे पाठ करून, मेंढरांकडे तोंड करून बसले. गाडी रस्त्याला लागली तरी ते बोटानं एकेक मेंढरू मोजत होते.