बाबांची शिस्त आणि लाल ठिपका

लहानपणी बाबा सुट्टीवर आले की मला आणि भावाला अंगणात उभं करायचे, हातात एकेक केरसुणी द्यायचे आणि म्हणायचे, "शिस्त घ्या." आम्ही दोघं ताठ उभं राहायचो, टाचा जुळवून, छाती पुढे काढून. बाबा हसून हसून बेजार व्हायचे. फौजेत शिस्त घेणं म्हणजे नेम धरणं, आणि केरसुणी म्हणजे बंदूक, हे आम्हाला कुठे ठाऊक! आमच्या अंजूरच्या घरात हा शब्द अजून दोन्ही अर्थांनी वावरतो. ह्या माणसाला एकच शिस्त येते, दुसरी नाही, असं आई भांडताना म्हणायची.

फौजेतून परतल्यावर बाबांनी शेती केली. ती जमीन गोदामाखाली गेल्यावर काही काळ नुसत्या येरझारा घातल्या आणि घरच्यांना वैताग आणला. मग त्यांच्या शाळेपासूनच्या दोस्ताने, ज्यांना आम्ही चाचा म्हणतो, भिवंडीतल्या आपल्या पॉवरलूमच्या शेडचा अर्धा भाग त्यांना दिला. मंदीत तिकडचे लूम चाचांनी भंगारात काढले होते. मध्ये भिंत घालून बाबांनी तिथे छऱ्याच्या रायफलींची छोटी रेंज काढली. शाळा-कॉलेजातली पोरंपोरी शिकायला येऊ लागली आणि बाबांच्या चालीत पुन्हा जोर आला. माझं चष्म्यांचं दुकान जवळच, त्यामुळे दुपारचा डबा घेऊन मी तिथे जायची आणि त्यांचा आरडाओरडा ऐकत जेवायची.

पोरांना ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचे. नळीच्या टोकाला लोखंडाचं बारीक टोक असतं, त्याला आमच्याकडे माशी म्हणतात. डोळ्याजवळ खाच असते. खाचेच्या बरोबर मध्ये माशी, माशीच्या वर निशाण. आता खाच, माशी आणि निशाण ही तिन्ही एकाच वेळी डोळ्याला स्पष्ट दिसत नाहीत, एकच दिसतं. कुठलं स्पष्ट बघायचं? पोरं म्हणायची, निशाण. बाबा खूश होऊन कपाळावर हात मारायचे आणि त्यांच्या उस्तादाचं हिंदी वाक्य ऐकवायचे, "मक्खी साफ, टारगेट धुंधला." नजर माशीवर खिळवायची, पलीकडचा कागद पुसट झाला तर होऊ द्यायचा. मला हे फार विचित्र वाटायचं. ज्याला मारायचं त्याच्याकडे बघायचंच नाही, हे कुठलं शास्त्र? पण बाबांचे छरे एकमेकांच्या भोकातून जायचे, तेव्हा वाद घालायची सोय नव्हती.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आग्रह माझाच होता. पट्टी निघाल्यावर ते गॅलरीत उभे राहून रस्त्यावरच्या ट्रकांचे नंबर मोठ्याने वाचायचे, आणि मी शेजारणींना कौतुकाने ऐकवायची. पण रेंजवर त्यांचे छरे भरकटू लागले. बाबांनी खापर लूमवर फोडलं. भिंतीपलीकडे दिवसभर खटाखट चालू असते, जमीन हलते, रायफल हलते, असं त्यांचं म्हणणं. पोरांचे छरे तेवढे कसे नीट जातात, असं विचारायची कोणाची हिंमत नव्हती. शुक्रवारी लूम बंद असतात. अशाच एका शुक्रवारी चाचा मधल्या दारातून आले आणि म्हणाले, आज तर सगळं गप्प आहे, आज मारून दाखव. त्या बिचाऱ्यांच्या मनात काही नव्हतं, त्यांना आपल्या लूमवरचा आळ तेवढा काढायचा होता. बाबांनी शिस्त घेतली. शेडमध्ये पंख्याशिवाय कसला आवाज नव्हता. कागद कोराच राहिला. बाबांनी रायफल मांडणीवर ठेवली आणि त्या दिवसानंतर हातात घेतली नाही.

कारण मला कळत होतं, माझा धंदाच तो. डोळ्यात बसवलेलं नवं भिंग लांबचं स्वच्छ दाखवतं, जवळचं नाही. ट्रकचा नंबर दिसतो, हाताच्या टप्प्यापलीकडची माशी विरघळून जाते. मी तपासणीची फ्रेम रेंजवर नेली, काचा बदलून बदलून पाहिल्या. माशी दिसायला लागली की कागद दुधात बुडाल्यासारखा व्हायचा, आणि रायफलीच्या लाकडी दस्त्यावर गाल टेकला की फ्रेम नाकावरून घसरायची. बाबांनी ती फ्रेम माझ्या हातात परत दिली, तीही न चिडता. त्यांचं न चिडणं मला सहन झालं नाही. पुढच्या महिन्यापासून शेडची किल्ली चाचांना देऊन टाकायची, असं ते घरी सहज सांगितल्यासारखं बोलले. ज्याला दिसत नाही त्याने शिकवू नये, इतकंच कारण. मला भीती रेंज बंद पडण्याची नव्हती. मागे एकदा येरझारा घालणारे बाबा मी पाहिले होते, आणि आता त्यांचं वय तेव्हाचं नव्हतं.

म्हणून मी शोधाशोध केली आणि रेड डॉट साइट मागवली, रायफलीवर बसवून तिच्यातून नेम धरायचा. सगळ्या देशाची पार्सलं ज्या भिवंडीतून जातात त्याच भिवंडीत माझं पार्सल कशेळीच्या एका गोदामात अडकून बसलं, आणि मी फोनवर कोणाकोणाला झापलं ते लिहिण्यासारखं नाही. आलं तेव्हा दुकान अर्धवट बंद करून मी ते उघडलं. आगपेटीएवढी वस्तू, तिला एक तिरपी काच, आणि आत बटणाएवढा सेल. चालू करून मी समोरच्या हॉटेलच्या पाटीकडे बघितलं. पाटीवर एक लाल ठिपका होता.

मला वाटलं, लेझर आहे, पाटीवर उजेड पडतोय. काचेच्या पुढे तळहात धरला. हातावर काही नाही. हॉटेलवाल्याला हाक मारून विचारलं, तुमच्या पाटीवर लाल काही दिसतंय का, तर तो माझ्याकडेच बघत राहिला. ठिपका पाटीवर नव्हताच, काचेवरही नव्हता. मी डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, ठिपका काचेत सरकला पण पाटीवरच्या त्याच अक्षराला धरून राहिला. खाली एक बारीक दिवा असतो, काच त्याचे किरण समांतर करून डोळ्याकडे परत पाठवते, म्हणून डोळ्याला तो लांबून आल्यासारखा वाटतो. हे सगळं मी कॉलेजात शिकले आहे, परीक्षेत लिहिलं आहे. तरी माझ्या अंगावर काटा आला. ठिपका आणि पाटी दोन्ही एकदम, सारखीच स्वच्छ दिसत होती. डोळ्याला हे एक की ते एक, असं निवडावंच लागत नव्हतं. इतकी वर्षं काचा विकते आहे, पण काचेपुढे हात जोडावेत असं त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं.

शुक्रवारी मी ती रेंजवर नेली. बाबांनी लांबूनच नाक मुरडलं. दिवा लावून नेम धरायचा तर मग बोट लावून गोळी भोकात घालावी, असं म्हणाले. खाच-माशीची लोखंडी साइट काढायला तर त्यांनी साफ नकार दिला, सेलचा काय भरवसा. मीही ती काढणार नव्हतेच. चाचांनी लूमच्या पेटीतली बारीक चावी आणली, आणि माझ्या डोळ्याने बघत बघत आम्ही स्क्रू फिरवले. खाचेतून पाहिलं की समोर माशी, आणि तिच्या टोकावर अलगद बसलेला लाल ठिपका. जुनं आणि नवं एकाच रेषेत आलेलं बघून चाचा हळूच "सुभानल्ला" म्हणाले.

बाबा शेवटी उठले ते चाचांच्या भिडेखातर. पहिला छरा कागदाच्या बाहेर गेला, दुसराही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. डोळा बारीक करून ते त्या काचेत काहीतरी शोधत होते, आणि माझ्या लक्षात आलं की ते माशी शोधतायत. ठिपका समोर असताना, त्याच्या खाली पुसट झालेलं ते लोखंडी टोक.

मी म्हटलं, "बाबा, माशीकडे बघू नका. ठिपक्याकडेपण नको. समोर कागदाकडे बघा, ठिपका आपोआप तिथे येईल."

त्यांनी रायफल खाली घेतली. रंग चढला चेहऱ्यावर. "निशाण बगायचं नसतंय. किती येळा सांगलं तुना?"

किती बरं वाटलं मला ते ओरडणं! मीही आवाज चढवला. म्हटलं, ती शिस्त लोखंडाची, ह्याची वेगळी आहे. फौजेतला नियम मोडला म्हणून इथे कोणी तुम्हाला मैदानाला फेऱ्या मारायला लावणार नाही. चाचा आमच्या मध्ये उभे राहून एकदा बाबांना, एकदा मला गप्प करत होते. शेवटी बाबांनी पुन्हा गाल टेकवला, मला दाखवून द्यायच्या इराद्यानेच.

ह्या वेळी डोळा बारीक झाला नाही. उघडा राहिला. बराच वेळ ते तसेच थांबले, मग बोट हललं. छरा काळ्या वर्तुळाच्या मधोमध लागला. पुढचा त्याला खेटून. त्याच्या पुढचा त्याच भोकात. चाचांनी टाळी वाजवली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, मला ते लपवावंसं वाटलं नाही. काडेपेटीएवढ्या काचेने माझा बाप परत दिला होता.

पण बाबा हसले नाहीत. गाल दस्त्यावर तसाच ठेवून ते कागदाकडे बघत होते. पिन कुठे मारली आहे, पहिल्या भोकाची कड कशी फाटली आहे, कोपरा कसा दुमडला आहे, असं एकेक पुटपुटत होते. मग उठले, बाकावर बसले आणि पाणी मागितलं. चाचा पाणी आणायला मधल्या दाराने गेले तेव्हा ते बोलले.

फौजेत चौकीवर असताना एकदाच त्यांच्यासमोर माणूस आला होता. नाल्याच्या पलीकडे, ह्या बाकापासून त्या कागदापर्यंत असेल तेवढ्यावर. हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. नियमाने केलं, म्हणाले. नजर माशीवर ठेवली, माशी साफ होती. मी विचारलं नाही की पुढे काय झालं. मी फक्त म्हटलं की इतक्या वर्षांची गोष्ट, विसरा आता.

"इसरायला आधी बगाया पायजे ना," बाबा म्हणाले. "मी त्याचा तोंडच बगला न्हाय, बाय. म्हणून तो आठवला का त्याला कुनाचा बी तोंड लागतंय."