मावशीच्या पाठीवरचं यंत्र

ऐका हो ऐका! कॅनडातल्या मिल्टन गावातील समस्त सज्जनांस, त्यांच्या कुटुंबीयांस आणि बेसमेंटमधील भाडेकरूंसही कळविण्यात येते की, आज येथे एक अत्यंत गंभीर स्वरूपाची घोषणा होणार आहे. कृपया उभे राहावे. टोप्या काढाव्यात — थंडी वाजत असल्यास राहू द्याव्यात. घोषणा अशी: ससाण्याच्या पाठीवर कोणतं जीपीएस बांधावं, या प्रश्नावरून मी एकदा खोटं बोललो.

बसा आता. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला, ॲग्नेसला, नाही. चर्चमध्ये फादरसमोर गुडघे टेकले तेव्हाही नाही — तिथे दोन-चार किरकोळ पापं सांगून वेळ मारून नेली. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. असेलच असंही नाही.

वसईच्या माणसाला ससाण्याचा छंद लागलाच कसा, असं विचाराल. आमच्याकडे अंगणातलं कोंबडीचं पिल्लू उचलून नेणारी घार, एवढाच काय तो शिकारी पक्ष्यांशी संबंध. पण इथे रीतसर लायसन्स काढून असा पक्षी पाळता येतो, त्याला घेऊन सशांच्या शिकारीला जाता येतं, हे कळलं आणि मी वेडा झालो. चामड्याचा हातमोजा, पक्ष्याच्या पायात घुंगरू! शाळेच्या नाटकात मला राजा व्हायचं असायचं आणि मिळायचा भाला धरून उभा राहणारा पहारेकरी. इथे शेताच्या कडेला मूठ उचलून उभा राहिलो की बाजूने जाणाऱ्या गाड्या स्लो व्हायच्या. आणखी काय हवं?

माझी पक्षीण हॅरिस हॉक जातीची. नाव ठेवलं मावशी, कारण कोणी समोर आलं की ती आधी त्याचे बूट न्याहाळायची आणि मग तोंड. मागच्या अंगणात तिच्यासाठी लाकडी खोपटं बांधलं होतं. या खेळात नवख्याने जुन्या माणसाच्या हाताखाली शिकायचं असतं. माझ्या हाताखाली फेलिक्स आला — ॲग्नेसचा धाकटा भाऊ. कॉम्प्युटरवर काम करणारा, सरळ, मऊ बोलणारा. इतका सरळ माणूस दिसला की मला संशय येतोच. तुम्हाला नाही येत?

आणि मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी शीळ घातली की मावशी झाडावर बसून विचार करायची. इकडे बघायची, तिकडे बघायची, जणू ‘आत्ताच यायला हवं का?’ फेलिक्सने शीळ घातली की दगड सुटावा तशी त्याच्या मुठीवर. पहिल्यांदा मी म्हटलं, योगायोग. नंतर म्हटलं, हा माझ्या नकळत तिला काहीतरी चारतोय. मी त्याच्या जॅकेटचे खिसेसुद्धा तपासले, तो वॉशरूममध्ये गेला असताना. एक जुना टिश्यू आणि गाडीची किल्ली. म्हणजे पुरावा नाही. म्हणजे नक्कीच लपवतोय — माझं डोकं तेव्हा असं चालत होतं.

त्यात जीपीएसचा विषय निघाला. तोपर्यंत आमच्याकडे जुनं रेडिओ यंत्र होतं: पक्ष्याच्या पायाला छोटा ट्रान्समीटर, आणि माझ्या हातात मोठा अँटेना. पक्षी लांब गेला की मी अँटेना उंच धरून शेतातून चालायचो, बीप-बीप ऐकायचो, आणि आमच्या ग्रुपमधले बाकीचे ससाणेवाले माझ्या मागून — सणाच्या मिरवणुकीसारखे. तो आवाज ओळखणं फक्त मला जमायचं. आता सगळ्यांनी जीपीएस घ्यायचं ठरवलं. दोन पर्याय होते. एक जरा जड, स्वतःचा रिसीव्हर असलेलं. मोबाइलचं नेटवर्क नसलेल्या जागीही चालणारं. तो रिसीव्हर अर्थात माझ्या हातात राहणार होता. दुसरं अगदी हलकं, पक्ष्याच्या पाठीवर छोट्या दप्तरासारखं बांधायचं. पक्षी कुठे आहे तो ठिपका सरळ फोनवर. फेलिक्सला दुसरं हवं होतं.

‘‘भावोजी, वजनच नाही त्याला. तिला कळणारसुद्धा नाही. आणि ती कुठे कुठे उडाली, सगळं मॅपवर सेव्ह होतं.’’

सगळं सेव्ह होतं! तुम्हीच सांगा, मला काय वाटलं असेल? मी सगळ्यांना सांगत असे की रोज मावशीला तासन् तास उडवतो. खरं म्हणजे एक चक्कर मारायची, ती परत येईपर्यंत गाडीत बसून कॉफी प्यायची, की झालं. आता हे सगळं फेलिक्सच्या फोनवर दिसणार. आणि ते अकाउंट कोणाच्या नावावर? फेलिक्सच्या. मला खात्री पटली की हा माझ्यावर नजर ठेवायला निघालाय. नकाशा उघडून सगळ्यांना दाखवणार — बघा, भावोजींपासून ती कशी दूर दूर पळते.

अजूनही मुद्द्यावर येत नाहीये ना मी? येतो.

ठरलं असं की हलकं यंत्र एका दिवसासाठी आणायचं आणि सगळ्यांसमोर मावशीवर करून बघायचं. डिसेंबरचा शनिवार. शहराबाहेरचं, कापणी झालेलं मक्याचं शेत, कडेला स्प्रूसच्या उंच सूचिपर्णी झाडांची रांग. आमच्यातले चार-पाच जण येणार होते. त्यात डग नावाचा म्हातारा, जो पक्ष्याच्या पिसांवरून त्याची तब्येत सांगतो.

या खेळातली एक साधी गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ससाणा प्रेमाने परत येत नाही. भुकेने येतो. म्हणून उडवण्याआधी रोज त्याचं वजन करतात. पोट भरलेला पक्षी कोणी सोडत नाही, कारण तो झाडावर जाऊन बसतो आणि तुम्हाला विसरतो. आणि शेतात आल्यावर पहिला प्रश्न एकच असतो: वजन?

त्या दुपारी निघण्याआधी मी खोपट्यात गेलो. फ्रीजमधून काढून ठेवलेला लावा — तितराच्या जातीचा तो छोटा पक्षी, अख्खा — मावशीला दिला. तिने माझ्याकडे बघितलं. आधी बूट, मग तोंड. मग खाल्ला. मी तिथेच उभा राहून बघत होतो, आणि — हे सांगायला हवं — मला मजा वाटत होती. आज ती त्याच्याकडेही येणार नाही. आणि मी म्हणेन, पाठीवरच्या यंत्राचा तिला त्रास होतोय.

शेतात फेलिक्सने तिच्या पाठीवर पट्टे बसवले. हळू, एकेक पीस बाजूला करत. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, ‘‘भावोजी, वजन?’’

मी म्हणालो, ‘‘बरोबर आहे.’’

त्याने पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर संशय घ्यायचं त्याला सुचलंच नाही.

मावशी उडाली, स्प्रूसच्या उंच फांदीवर बसली, अंग फुगवलं, एक पाय पोटाशी घेतला. सुखात असलेला पक्षी असा बसतो. फेलिक्सने शीळ घातली. मांस दाखवलं. दोरीला बांधलेला खोटा ससा बर्फावरून ओढला. घामाघूम झाला, त्या थंडीत.

‘‘ती भुकेली दिसत नाही,’’ डग इंग्लिशमध्ये म्हणाला, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. का बघितलं त्याने? मला आजही वाटतं, त्याला कळलं होतं. मी घाईने म्हणालो, ‘‘त्या ओझ्याने बिथरलीय ती!’’ बाकीच्यांनी माना हलवल्या. झालं. फेलिक्सचं यंत्र बाद. मी जिंकलो होतो.

तिथे थांबता आलं असतं. अंधार पडू लागला तसा फेलिक्स म्हणाला, शिडी आणतो, टॉर्चच्या उजेडात तिला उतरवूया. हे करतात लोक, जमतंही. पण मला कसं चालेल? मला तर सकाळी, तिला भूक लागल्यावर, ती माझ्या शिळेवर माझ्या मुठीवर यायला हवी होती, सगळ्यांच्या देखत. मी म्हणालो, ‘‘अरे, एवढं तुझं भारी यंत्र आहे ना? ठिपका दिसतोय ना फोनवर? मग चल की घरी!’’ सगळे हसले. तोही हसला. आणि आला घरी.

त्या रांगेत मोठं शिंगाळं घुबड राहतं, हे मला माहीत होतं. झाडावर रात्र काढणारा ससाणा घुबडाला कसा सापडतो, हे फेलिक्सला मीच शिकवलं होतं. त्याने मला त्याची आठवण करून दिली नाही. भावोजी म्हणतायत म्हणजे विचार करूनच म्हणत असतील, असं धरून चालला असणार.

नंतर दर नाताळात, कोणी ससाण्याचा विषय काढला की, फेलिक्स सांगतो: ‘‘चूक माझी. मी तिच्यावर ओझं लादलं.’’ त्याने लायसन्सचा नाद सोडला, हातमोजा मला देऊन टाकला. मी समोर बसलेला असतो. माझ्या प्लेटमध्ये वाइनमधला केक असतो. मी म्हणतो, जाऊ दे रे, होतं असं. माफ केल्याच्या सुरात म्हणतो! आणि माझ्या आताच्या पक्ष्याच्या पाठीवर कोणतं यंत्र आहे, माहीत आहे? तेच हलकं. चांगलं आहे ते. तिला कळतसुद्धा नाही.

त्या रात्रीनंतर, सकाळी उजाडताना आम्ही दोघेच गेलो होतो; बाकीचे उन्हं वर आल्यावर येणार होते. फोनवरचा ठिपका जागचा हललेला नव्हता. मला वाटलं, झोपलीय. यंत्राने आम्हाला अगदी बरोबर नेलं, त्या स्प्रूसच्या बुंध्याशी. ती बर्फात पडली होती, मानेपाशी जखम, पाठीवरचे पट्टे जसेच्या तसे. घुबडाला कशाने तरी घाई झाली असावी; बाकी तिला हात लावलेला नव्हता.

मी गाडीच्या बाजूला उभा राहिलो, पुढे गेलो नाही. फेलिक्स गुडघ्यावर बसला. त्याने तिला दोन्ही हातांत उचललं आणि सवयीने, मी शिकवलं होतं तसं, गळ्याखाली बोट फिरवून बघितलं. तिथे खाल्लेलं साठतं. रिकामं आहे की भरलेलं, बोटाला कळतं. त्याचं बोट थांबलं. आता वळेल, आता विचारेल.

तो वळला. डोळे भरलेले, आणि चेहऱ्यावर, काय सांगू, केवढा मोठा दिलासा. एकदम मोठ्याने म्हणाला:

‘‘भावोजी, बघा हो, स्वतःच काहीतरी पकडलं होतं हिने! उपाशी नाही गेली!’’