ओल्या फडक्यावरची ताटं

नांदेडच्या स्टँडवर लातूर गाडीच्या खिडकीशी बाबा उभे होते. "कळंल ते खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून रचू नको," म्हणाले. गाडी हलली.

बाबांचे थोरले भाऊ, आमचे अण्णा, नौदलात होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचं जहाज बुडालं, देह मिळाला नाही. पुढं भूकंप झाला. बाबा किल्लारीकडं मदतीला गेले, ढिगाऱ्याखालची माणसं बघून आले आणि तेव्हापासून घराला कडी लावू देईनात. "अण्णा खाली कोंडून मेला असंल का रे?" हा एकच प्रश्न.

मी घरातला पहिला बीए, तोही इतिहासाचा. खलाशांनी लिहिलेल्या आठवणी मिळतील तेवढ्या वाचल्या. लढाईत जहाजातली लोखंडी दारं बंद करतात, असं त्यांत होतं. ते बाबांना वाचून दाखवायची छाती झाली नाही. मग एका निवृत्त खलाशाकडून कळलं की त्या जहाजावरचे खानसामा शेषराव वाचले होते आणि आता लातूरला मेस चालवतात.

लोह्यापर्यंत उभाच होतो. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा धपाटं (ज्वारीच्या पिठाचं तिखट थालीपीठ) खाल्लं. चाकूरच्या पुढं दोन्ही अंगांना काळी रानं. इथला माणूस समुद्रावर गेला, याचं मला नवल वाटतं, आणि मानही.

लातुरात क्लासच्या पाट्यांनी भिंती दिसेनाशा झालेल्या. रिक्षावाल्यानं विचारलं, "पोरगं बारावीला हाय का?"

"माझंच लगीन व्हायचंय अजून."

त्यानं भलत्याच शेषरावांकडं सोडलं. ते म्हणाले, "म्या जळकोटचा. तळ्याबिगर पाणी बघितलं न्हाई. पल्याडच्या गल्लीत बघा."

पल्याडच्या गल्लीत एका मेसच्या टेबलांवर ओली फडकी अंथरलेली दिसली आणि मी दारातच थांबलो. जहाज डुलताना ताटं घसरू नयेत म्हणून खलाशी असं करतात. अण्णा सुट्टीवर आले की घरीही करायचे, असं बाबा सांगतात. बाबा अजून करतात, शेजारी हसतात.

आत एक विद्यार्थी म्हणत होता, "काका, आज वादळ हाय का?"

"जेव गप. जमीन हलली तवा कुणाचं ताट जाग्याला ऱ्हायलं?" म्हातारे वाढता वाढता बोलले.

मी अण्णांचं नाव सांगितलं. शेषरावांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मला बसवलं, पुढ्यात येसर आमटी (भाजलेल्या धान्याच्या पिठाची) वाढली आणि मगच बोलले.

"दणका बसला तवा तुझा चुलता माझ्यासंगं वर व्हता. तोफेवरच्या पोरांला चहा न्यायचा व्हता."

"खाली नव्हते?"

"न्हाई. दोघं बी पाण्यात पडलो. एका फळीला धरून लई येळ व्हतो. हुरड्याच्या गोष्टी सांगत व्हता. मंग त्याचा हात गार पडला, सुटला."

"काका, खरं सांगताय ना?"

"आरं, खोटंच सांगायचं असतं, तर वाचला म्हणलो नसतो का?"

मला रडू आलं आणि भूकही लागली. आमटी तीनदा मागून घेतली.

परतीच्या वाटेवर खिडकीतून वारा घेत बसलो. इतकी पुस्तकं वाचली, पण घरी नेण्याजोगं काही मिळालं ते त्या मेसमध्ये.

बाबा जेवायचे थांबले होते. सगळं सांगितलं, गार पडलेल्या हातासकट.

"म्हणजे वर आभाळ होतं," बाबा म्हणाले. मग फडकं भिजवून पिळलं, दोघांच्या ताटांखाली अंथरलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "धूळ येतीय. दार लाव. कडी घाल."