न उचललेला कप

दत्तूमामा कधीही कोणाचा कप पूर्ण भरत नसत. शारजाला अल नहदातल्या आमच्या फ्लॅटवर आले की आईच्या हातातली चहाची किटली काढून घेत, डाव्या हाताने ओतत, आणि प्रत्येकाच्या कपात तळाशी दोन घोट चहा पडला की थांबत. आई दर वेळी चिडायची.

"दादा, अहो, एवढासा चहा दिला तर पाहुणा म्हणेल, या घरातलं दूध संपलंय."

"भरलेला कप म्हणजे पी आणि चालू पड," मामा सांगत. "थोडा दिला की माणूस बसतो. परत मागतो. मागता मागता बोलतो."

"आमच्याकडचे बसतातच हो. उठत नाहीत हीच पंचाईत आहे."

मामा आईच्या माहेरचे, लांज्याजवळच्या एका वाडीतले. सख्खे नव्हेत, पण परदेशात गावचा माणूस सख्खाच होतो. ऐन तरुणपणी इकडे आले आणि वीस वर्षं अल ऐनमधल्या एका जुन्या घराण्याच्या बैठकीत पाहुण्यांना गहवा, म्हणजे वेलची घातलेली अरबी कॉफी, देत राहिले. मालक वारल्यावर अबू धाबीच्या एका मोठ्या हॉटेलात तेच काम मिळालं. ज्या रविवारी ऑफ असेल त्या रविवारी खजुराचा डबा घेऊन बसने आमच्याकडे येत. त्यांच्या डाव्या बाहीला कायम वेलचीचा वास असे.

माझं आणि त्यांचं पटायचं नाही असं नाही, पण भांडण ठरलेलं असे. मी वाढले ती पत्रकांवर. बाबा एकेकाळी इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या युनियनमध्ये होते. आता शारजात एका कंपनीत अकाउंट्स बघतात, पण पत्रकांची ट्रंक त्यांनी समुद्र ओलांडून आणलीच. बाराखडीनंतर मी वाचलेली पहिली गोष्ट म्हणजे त्या ट्रंकेतलं लाल शाईतलं एक पत्रक. त्यामुळे जगात एक बाजू बरोबर असते, एक चूक असते, आणि मधे उभा राहतो तो भित्रा असतो, हे मला लवकर कळलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात शेजारच्या एका देशातली लढाई थांबवण्यासाठी दोन्ही बाजू अबू धाबीत बोलणी करायला आल्या. एका बाजूला सरकारची माणसं, दुसऱ्या बाजूला डोंगरातल्या टोळ्यांची. देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण मामांनी ते माझ्यासमोर एकदाही उच्चारलं नाही. बोलणी त्यांच्याच हॉटेलात होती आणि बैठकीच्या दालनात गहवा द्यायला त्यांना नेमलं होतं. त्या रविवारी मी जेवणाच्या टेबलावरच सुरू केलं.

"मामा, हजारो माणसं मेली आणि हे हॉटेलात बसून सौदा करणार. तुम्ही तिथे कॉफी ओतता आणि त्याला शांतता म्हणता?"

"बाय, मी गहवा ओततो आणि त्याला गहवाच म्हणतो," मामा म्हणाले आणि माशाचा काटा काढत राहिले.

बाबा म्हणाले, "लहान देशाला फार मोठा आवाज काढता येत नाही. मग तो दोघांना बसायला जागा देतो. तेही सोपं नाही."

"म्हणजे बाजू घेत नाही."

"मधे उभं राहून बघ एकदा," मामा म्हणाले. "दोन्हीकडून तुझ्याकडेच बघतात. पाय दुखतात."

आतलं ते काही सांगत नसत. फोन गेटवर जमा, तोंड दारात जमा, एवढंच म्हणत. पण कामाची रीत मात्र रंगवून सांगत. रिवाजाप्रमाणे पहिला कप ओतणारा स्वतः पितो. "मी मेलो नाही हे बघतात, मग पितात." पण दुसरा कप कोणाला? ज्याला आधी मिळेल तो मोठा ठरणार. म्हणून मामा आणि त्यांचा सुदानी सोबती उस्मान दालनाच्या दोन टोकांहून एकाच वेळी निघत. पावलं मोजून, रिकाम्या दालनात तालीम करून. उस्मान उंच, मामा बुटके. "त्याची अकरा पावलं, माझी पंधरा. मी जवळजवळ धावतो गो, पण धावताना दिसलो नाही पाहिजे!" हे सांगताना ते आमच्या हॉलमध्ये सोफ्यापासून फ्रीजपर्यंत चालून दाखवत आणि आम्ही हसून लोळत असू.

मग तीन रविवार ते आले नाहीत. चौथ्या रविवारी आले तेव्हा बाबा मोबाईलवर बातम्या वाचत होते. बोलणी अडली आहेत, पण दोन्हीकडच्या आजारी आणि म्हाताऱ्या कैद्यांची पहिली तुकडी यजमान देशाच्या विमानाने घरी पोहोचली, अशी दोन ओळींची बातमी होती. मामा म्हणाले, "परत वाच." बाबांनी परत वाचली. मामांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"बाय, हे इंग्रजी काय म्हणतंय बघ. उद्या उत्तर द्यायचंय."

ते वॉर्निंग लेटर होतं. बैठक चालू असताना मॅनेजरने तीनदा खूण करूनही मामांनी एका पाहुण्यासमोरचा गार कप उचलला नाही, हातातलं काम सोडून ते नुसते उभे राहिले, असं त्यात लिहिलं होतं. एकतीस वर्षांतलं त्यांना मिळालेलं पहिलं पत्र.

"तुम्ही? कप उचलला नाही?"

"नाही उचलला."

"का? खरं सांगा, नाहीतर उत्तर कसं लिहू?"

मामांनी आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि सांगितलं. बोलणी मोडायला आली होती. डोंगरातल्या लोकांचा म्हातारा प्रमुख दिवसभर गप्प होता. मामांनी त्याला कप दिला. त्याने तो घेतला आणि ओठाला न लावता समोर ठेवला. समोरची सरकारकडची सूटवाली तरुण मंडळी कागदांत गुंतलेली. दारातल्या नव्या मॅनेजरला वाटलं, कॉफी आवडली नाही, गार कप बरा दिसत नाही, उचला.

"पण न पिता ठेवलेला कप म्हणजे मागणं असतं," मामा म्हणाले. "पाहुण्याला यजमानाकडे काही मागायचंय. यजमानाने विचारेपर्यंत तो पिणार नाही. अल ऐनच्या बैठकीत मी हे कितीदा बघितलंय. तो कप मी उचलला असता तर मागणं न ऐकताच संपलं असतं."

त्या दालनात नोकराने तोंड उघडायचं नाही. मामांनी ते उघडलं नाही. गहव्याचं भांडं बाजूच्या तिवईवर ठेवलं आणि कपाशेजारी मोकळ्या हातांनी उभे राहिले. मॅनेजरने खूण केली. दुसऱ्यांदा केली. तिसऱ्यांदा केली तेव्हा उस्मानसुद्धा डोळ्यांनी विनवू लागला. मग या देशाचे जे वयस्क अधिकारी मधल्या खुर्चीवर बसले होते, त्यांचं लक्ष गेलं. गहवा देणारा भांडं ठेवून उभा राहतो हे त्यांना विचित्र वाटलं असणार. त्यांनी मामांकडे पाहिलं, मग कपाकडे. म्हाताऱ्याला म्हणाले, "काका, तुमचा गहवा गार होतोय. काय हवंय सांगा."

म्हातारा म्हणाला, "तुमचं विमान हवंय. दोन्हीकडच्या तुरुंगांतले आजारी आणि म्हातारे घरी न्यायला. आमच्या गाडीत त्यांची माणसं बसणार नाहीत, त्यांच्या गाडीत आमची बसणार नाहीत. तुमच्या विमानात बसतील."

अधिकारी म्हणाले, "प्या. झालं."

म्हातारा प्याला. समोरच्यांनी कागद बाजूला ठेवले. यजमानाने पाहुण्याला दिलेला शब्द मोडायला लावणं त्यांनाही जड होतं, आणि घरी येणाऱ्यांत त्यांचीही माणसं होती.

मी उठून उभी राहिले. "मामा! हेच लिहू उत्तरात. सगळंच्या सगळं. ते पत्र फाडून माफी मागतील तुमची."

"नाही. लिही, माफ करा साहेब, माझं लक्ष नव्हतं."

"पण हे खोटं आहे!"

"आहे."

"मग त्या अधिकाऱ्यांना तरी कळवा."

"अजून तुकड्या निघायच्यात बाय. दालनातलं बोलणं गहवा देणाऱ्याने बाहेर नेलं असं झालं, तर कोण कोणावर विश्वास ठेवेल? आणि उद्या दुसरा कोणी म्हातारा माझ्यासारख्यासमोर कप खाली ठेवेल? तुम्हाला सांगितलं हेच जास्त झालं. यल्ला, चल, टाईप कर."

पत्रकांवर वाढलेल्या मी ते वाक्य टाईप केलं. माझं लक्ष नव्हतं. माणसाच्या डोळ्यांवरून त्याला आणखी घोटभर हवंय की नाही ओळखणाऱ्या माणसाच्या नावावर ते वाक्य मी घातलं, आणि त्यांनी खाली शांतपणे सही केली.

दोन महिन्यांनी मामांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. रिन्यू झालं नाही. कारण दिलं वयाचं, पण ते पत्र फाइलमध्ये होतं. माझ्या डोक्यात अंगार होता. मी एक लांबलचक पोस्ट लिहिली: हॉटेलचं नाव, मॅनेजरचं नाव, मामांचा फोटो. शीर्षक असं की बाबांच्या ट्रंकेत शोभलं असतं. मामा गावी जायच्या आदल्या दिवशी जेवायला आले तेव्हा मी ती त्यांना वाचून दाखवली.

"उद्या तुमचं विमान सुटलं की टाकणार," मी म्हणाले. "आता ते तुमचं काही बिघडवू शकत नाहीत."

आईने चहा आणला. त्या दिवशी तिनेच ओतला, त्यांच्या पद्धतीने, दोन घोट. मामांनी कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"साखर जास्त झाली का, दादा?" आईने विचारलं.

बाबा माझ्याकडे बघत होते. कपावरची वाफ विरली, साय धरायला लागली. मामा मांडीवर हात ठेवून बसले होते. मला एवढा राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. कारण मला कळलं होतं, आणि कळल्यावर न विचारणं शक्य नव्हतं.

"काय हवंय, मामा?"

"शेवटचं विमान उतरेपर्यंत थांब."

"आणि तुमच्यावरचा अन्याय?"

"तो माझा आहे. मी सांभाळतो."

मी फोन काढला आणि त्यांच्यासमोर पोस्ट पुसून टाकली. मामांनी तो गार, सायीचा चहा एका दमात संपवला, कप डावी-उजवीकडे हलवला, म्हणजे खलास, पुरे, आणि बॅग बांधायची राहिलीय म्हणून उठले.

न्यायाशिवायची शांतता अपुरी असते, असं मी आजही मानते आणि उद्याही लिहीन. पण त्या विमानांतून जे घरी गेले त्यांना माझ्या पत्रकाची वाट बघायला वेळ नव्हता, आणि या लहानशा देशाने त्यांच्यासाठी विमान दिलं. ते मागणं गार होऊन धुवायला गेलं नाही, कारण लांज्याचा एक बुटका माणूस नोकरी पणाला लावून कपाशेजारी उभा राहिला. भित्रा माणूस तिथे तीन खुणांपर्यंत टिकला नसता.

शेवटची तुकडी उतरल्याची बातमी या वर्षी आली. पुन्हा दोनच ओळी. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून गावी फोन लावला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"मामा, शेवटचं विमान उतरलं."

मामांनी आधी कोंबड्यांना हाकललं.

"सगळे उतरले?"

"सगळे. आता लिहू?"

"लिही," मामा म्हणाले. "पण पूर्ण भरू नकोस."